झिजण्याला इंग्रजीत काय म्हणतात?

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत मोटारींचे सुटे भाग तयार करणाऱ्या एका कारखान्याच्या गुणवत्ता विभागात मी नोकरी करते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी परदेशी ग्राहकाकडून एक तपासनीस ऑडिटसाठी आले होते. आदल्या आठवड्यात एका लाइनवर बऱ्याच नगांचे रिजेक्शन झाले होते आणि त्याचे कारण त्यांना हवे होते. ते कारण मीच शोधून काढलेले होते. बोअरिंगच्या टूलमधील इन्सर्ट, म्हणजे धातू कापणारा धारदार तुकडा, झिजला होता, त्यामुळे बोअर, म्हणजे भागातील भोक, हळूहळू लहान होत गेला आणि भोकाचे माप तपासणाऱ्या प्लग गेजची 'गो' बाजू, जी आत जायलाच हवी, ती आत शिरेनाशी झाली. इन्सर्ट बदलल्यावर पुढचे नग बरोबर आले. एवढी साधी हकिकत होती. परंतु पाहुण्यांनी माझ्याकडे पाहून विचारले तेव्हा मी गप्प राहिले, कारण 'झिजणे' याला इंग्रजीत काय म्हणतात ते मला त्या क्षणी सुचेना, आणि नेमका शब्द मिळेपर्यंत वाक्याला हात घालायचा नाही अशी सवय मला शाळेपासून लागलेली होती. अखेर आमच्या सुपरवायझर साहेबांनी उत्तर दिले. माझ्या हातातील गेज तसाच राहिला.

संध्याकाळी बजाजनगरच्या खोलीवर आल्यावर मी शब्दकोश उघडला. झिजणे म्हणजे 'वेअर' आणि झिजलेला म्हणजे 'वोर्न'. कपडे घालणे या अर्थाचा 'वेअर' मला पाचवीपासून पाठ होता. अंगावर घालून घालून कापड विरते, तसेच वापरून वापरून लोखंडही झिजते, हा धागा मात्र मला कधी दिसला नव्हता. मग मी त्या न दिलेल्या उत्तरातील शब्द एका कागदावर लिहून काढले: टूल, इन्सर्ट, बोअर, गेज, गो, स्मॉल, चेंज, चेक. हे सगळे शब्द मी दिवसभर मराठी वाक्यांत वापरत होते. नऊ शब्दांपैकी आठ माझ्याजवळ होते आणि एका नवव्यासाठी मी बाकीचे आठही गिळून बसले होते. 'द इन्सर्ट वॉज ओल्ड, नॉट शार्प' एवढे म्हटले असते तरी समोरच्या अनुभवी माणसाला सगळे कळले असते.

हे मी फोनवरून माझ्या वडिलांना, अप्पांना, सांगितले. अप्पा उदगीरच्या मोंढ्यात एका आडतीवर मुनीम होते आणि त्यांचे शिक्षण सातवीपर्यंतचे आहे. ते म्हणाले, "शब्द नाही आला तर वस्तू दाखवायची. वस्तू जवळ नसली तर हातानं दाखवायचं. त्यात लाजायलीस कशाला? गिऱ्हाईक काही पळून जात नसतंय."

त्यांचे हे बोलणे मला लहानपणापासून डोळ्यांपुढे असलेल्या एका दृश्याकडे घेऊन गेले. सुट्टीच्या दिवशी मी अप्पांचा डबा घेऊन मोंढ्यात जात असे. उदगीर कर्नाटकाच्या सीमेला लागून आहे आणि तेलंगणही तेथून फारसे दूर नाही, त्यामुळे एकाच सकाळी आडतीवर मराठी बोलणारे शेतकरी, बिदरकडचे कन्नड बोलणारे व्यापारी, तेलुगू बोलणारे खरेदीदार आणि दखनी बोलणारे हमाल असे सगळे जमत. तूर एकच, पण ती कन्नडमध्ये 'तोगरी' आणि तेलुगूत 'कंदी' होई. 'केवढ्याला' या प्रश्नाचे कन्नडमध्ये 'एष्टु' आणि तेलुगूत 'एंत' होई. नको असेल तर कोणी 'बेडा' म्हणे, कोणी 'वद्दु' म्हणे, आणि दखनीतील 'नक्को' तर आपल्या मराठीच्याच घरातून तिकडे नांदायला गेलेला. अप्पांना या तिन्ही भाषांचे व्याकरण येत नव्हते आणि आजही येत नाही. माल ओलसर आहे हे समोरच्याला सांगायचे असेल आणि शब्द सापडत नसेल, तर ते पोत्यातून चार दाणे काढून एक दाताखाली फोडत आणि दुसरा गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवत. वाळलेला दाणा कडकन फुटतो, ओला दाणा दबतो. गिऱ्हाईक हसून आपल्या भाषेतील शब्द सांगे, आणि पुढच्या बाजारापर्यंत तो शब्द अप्पांचा झालेला असे. इतक्या वर्षांत त्यांचा उच्चार चुकला म्हणून कोणी सौदा मोडल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

आमच्या भागाला परक्या भाषेची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. उदगीर तालुका १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत हैदराबाद राज्याच्या बिदर जिल्ह्यात होता. निजामाच्या राजवटीत कारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये सुरू झाले ते उर्दू माध्यमात, आणि तेथे विज्ञान व वैद्यकाचे शिक्षणही उर्दूतून देण्यासाठी भाषांतराचा स्वतंत्र विभाग उभारलेला होता. माझे आजोबा उर्दूतून शिकले, घरी मराठी बोलले, कन्नड मुलखातील सोयऱ्यांशी कन्नड बोलले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपल्यानंतर कारभाराची भाषा पालटू लागली तेव्हा त्यांनी तेही अंगवळणी पाडून घेतले. चार भाषांच्या अंगणात वाढलेल्या माणसांची मुले आणि नातवंडे इंग्रजीपुढे मात्र मान खाली घालून उभी राहतात, याचे मला फार वाईट वाटते, आणि हा लेख मी त्यासाठीच लिहीत आहे. माझे मत असे आहे की कन्नड, तेलुगू आणि उर्दू आमच्याकडे बाजारातून, शेजारातून आणि सोयरिकीतून आल्या, तर इंग्रजी परीक्षेतून आली. बाजारात चुकले तर समोरचा माणूस शब्द पुरवतो. परीक्षेत चुकले तर गुण कापले जातात.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत होते तेव्हा इंग्रजी पाचवीपासून असे. पुढे २००० मध्ये महाराष्ट्रात ते पहिलीपासून सुरू झाले. आम्ही धड्याखालचे शब्दार्थ पाठ करत होतो, स्पेलिंग दहा-दहा वेळा लिहीत होतो आणि प्रश्नांची उत्तरे फळ्यावरून उतरवून घेत होतो. आमच्या गुरुजींनी मनापासून शिकवले. साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकाला बोलते करणे कोणालाही जमले नसते. परंतु पाचवीपासून दहावीपर्यंतच्या सहा वर्षांत मी स्वतःच्या मनाने तयार केलेले एकही इंग्रजी वाक्य मोठ्याने बोलले नव्हते, हे आता आठवले की शब्द माझ्या वहीत का राहिले आणि तोंडात का आले नाहीत ते समजते. पहिलीपासून इंग्रजी शिकलेल्या माझ्या धाकट्या चुलत भावंडांना माझ्याहून अधिक शब्द येतात, तरी बोलण्याच्या वेळी तीही माझ्यासारखीच अडतात. त्यामुळे वर्षे वाढवून हा प्रश्न सुटतो असे मला वाटत नाही.

स्पेलिंगच्या भीतीविषयी एक गोष्ट मला फार उशिरा कळली आणि ती लहानपणी कोणी सांगायला हवी होती. 'नाइफ' या शब्दाच्या आरंभी असलेले 'के' हे अक्षर एके काळी खरोखर उच्चारले जात असे. इंग्लंडमध्ये १४७६ मध्ये कॅक्स्टनने छापखाना सुरू केल्यानंतर लिखाण हळूहळू स्थिर होत गेले, पण बोलणे बदलतच राहिले, आणि दोघांमधील अंतर वाढले. कर्ज या अर्थाच्या 'डेट' शब्दातील 'बी' तर कधीच उच्चारला जात नव्हता. मूळ लॅटिन शब्दाशी नाते दिसावे म्हणून विद्वानांनी तो नंतर बसवला. म्हणजे ही अक्षरे जुन्या वाड्याच्या बुजवलेल्या दारांसारखी आहेत. ती लक्षात राहिली नाहीत म्हणून मुलाची बुद्धी कमी ठरत नाही.

त्या ऑडिटनंतरच्या दिवाळीत मी गावी गेले तेव्हा एक वही सोबत नेली आणि आईच्या बोलण्यातील इंग्रजी शब्द दिवसभर टिपत बसले. आई शाळेत गेलेली नाही. तरी संध्याकाळपर्यंत दोन पाने भरली: गॅस, सिलिंडर, कुकर, मिक्सर, बल्ब, फॅन, मोटर, स्टार्टर, फ्यूज, पाइप, ड्रिप, स्प्रे, बिल, रिचार्ज, बँक, पासबुक, स्टँड, डेपो, कंडक्टर, इंजेक्शन, सलाइन, शुगर, ऑपरेशन. माझ्या मते इंग्रजी शिकू पाहणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने पहिला आठवडा या कामासाठी द्यावा, कारण आपण शून्यापासून आरंभ करत नाही हे त्यातून हाताला लागते. मात्र या शब्दांपैकी काहींनी मराठीत आल्यावर आपला अर्थ बदललेला आहे, तेवढे तपासून घ्यावे लागते. आपल्याकडे 'लाइट गेली' म्हणजे वीजपुरवठा बंद झाला. इंग्रजीत त्यासाठी 'पॉवर' हा शब्द चालतो. आपले 'हॉटेल' चहा-भज्यांचे असते, त्यांचे मुक्कामाचे. 'पार्सल' म्हणजे आपण बांधून घेतलेले जेवण, तर त्यांच्याकडे टपालाने आलेले गाठोडे. आणि आपल्याला 'टेन्शन' येते तेव्हा इंग्रजी बोलणारा माणूस 'आय ॲम वरीड' म्हणतो.

आईच्या त्या दोन पानांत मला आणखी एक गोष्ट दिसली. त्यात जवळजवळ सगळी नामे होती, क्रियापदे नव्हती. वस्तू बाहेरून आल्या तेव्हा त्यांची नावे सोबत आली, पण करणे, होणे, देणे, घेणे, उचलणे, ठेवणे, सांडणे, झिजणे ही आपल्या घरातील कामे आपण आपल्याच शब्दांत करत राहिलो. म्हणून कारखान्यातही आम्ही 'इन्सर्ट झिजला', 'बोल्ट सैल झाला', 'ऑइल गळतंय' असे बोलतो. नाम इंग्रजी आणि क्रियापद मराठी. बोलताना आपण अडतो ते बहुतेक वेळा क्रियापदापाशी. हे ध्यानात आल्यावर मी नवीन नामे गोळा करणे पूर्णपणे थांबवले आणि पहिले सहा महिने केवळ क्रियापदांच्या मागे लागले.

कोणती क्रियापदे निवडावीत, याचा विचार पूर्वीच झालेला आहे. मायकेल वेस्ट नावाचे एक इंग्रज शिक्षणतज्ज्ञ ढाक्यात अनेक वर्षे शिक्षकांना शिकवत होते. बंगाली मुलांना इंग्रजी वाचताना नेमके कशाचे ओझे होते याचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला, आणि पुढे १९५३ मध्ये सर्वांत उपयोगी अशा सुमारे २,००० इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. साधारण इंग्रजी मजकुरातील सुमारे ८० टक्के शब्द या यादीतील असतात, असा हिशेब दिला जातो. माझ्यासारख्या शिकणारीला धीर देणारी अशी दुसरी संख्या नाही. दहावीपर्यंतच्या पुस्तकांतून यांतील बहुतेक शब्द आपल्या डोळ्यांखालून गेलेले असतात. त्यांना ओळखण्यापासून वापरण्यापर्यंत आणायचे असते, एवढेच काम शिल्लक आहे. जाडजूड शब्दांची पुस्तके विकत घेऊन रोज पन्नास अवघड शब्द पाठ करणारी मुले मी संभाजीनगरच्या अभ्यासिकांमध्ये पाहते तेव्हा त्यांना थांबवून हे सांगावेसे वाटते.

साध्या क्रियापदांतच खरी गुंतागुंत असते. आपण पैसे उसने घेतो आणि उसने देतो. 'उसने' हा शब्द तोच राहतो. इंग्रजीत घेणाऱ्यासाठी 'बॉरो' आणि देणाऱ्यासाठी 'लेंड' अशी दोन वेगळी क्रियापदे आहेत. आपण शिकतो आणि शिकवतो, आठवते आणि आठवण करून देतो. त्यांच्याकडे 'लर्न' आणि 'टीच', 'रिमेंबर' आणि 'रिमाइंड'. उलट आपल्याकडे पंखा लावतात, दिवा लावतात, झाड लावतात, कुलूप लावतात, मलम लावतात, वेळ लावतात, आणि यांतील प्रत्येकासाठी इंग्रजीत वेगळे क्रियापद शोधावे लागते. एक 'लावणे' घेऊन बसले तर आठवडा पुरत नाही, आणि तो आठवडा माझ्या अभ्यासातील सर्वांत आनंदाचा होता. आणखी एक सांगते. आपण निघताना 'येते' म्हणतो, कारण 'जाते' म्हणणे आपल्याला अशुभ वाटते. एका बैठकीतून बाहेर पडताना मी 'आय ॲम कमिंग' म्हणाले आणि समोरचे गृहस्थ माझी वाट पाहत बसून राहिले. आपल्या भाषेतील माया इंग्रजीत तशीच उतरत नाही, तिच्यासाठी तेथील वेगळा शब्द शोधावा लागतो, हे मला तेव्हा समजले.

शब्द टिकवण्यासाठी मी पाठकोऱ्या कागदाचे पत्त्यांएवढे तुकडे कापले आणि पेढ्यांच्या खोक्यात पुठ्ठे घालून पाच कप्पे केले. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवर प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवले होते की नवे पाठ केलेले आपण आरंभी फार झपाट्याने विसरतो, आणि मध्ये अंतर ठेवून केलेली उजळणी एका बैठकीतील घोकंपट्टीपेक्षा अधिक टिकते. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये मांडलेली कप्प्यांची पद्धत याच तत्त्वावर चालते. नवा शब्द पहिल्या कप्प्यात, जो रोज पाहायचा. आठवला तर तो पुढच्या कप्प्यात जातो, जो अधिक दिवसांनी पाहायचा. चुकला तर कितव्याही कप्प्यातून परत पहिल्या कप्प्यात. मी रोज पाच शब्द घेत असे, त्याहून अधिक नाही, आणि कंपनीच्या बसमध्ये चिठ्ठ्या चाळत असे. माझ्याकडून मी त्यात एक नियम घातला: चिठ्ठीच्या एका बाजूला शब्दाचा अर्थ न लिहिता माझ्या त्या दिवशीच्या कामातील मराठी वाक्य लिहायचे, आणि मागच्या बाजूला त्याचे इंग्रजी. 'काल संध्याकाळपासून कूलंट गळतंय.' 'मी चावी विसरले.' 'त्याने गेज खाली पाडला.' जे वाक्य मला उद्या खरोखर लागणार आहे तेच मनात राहते. पुस्तकातील राजा आणि त्याच्या सात मुली मला कोठेच लागल्या नाहीत.

चिठ्ठ्यांनी शब्द दिले, पण बोलण्यातील अडखळणे गेले नाही. त्याचे कारण शोधायला मला जवळजवळ एक वर्ष लागले. मराठीत क्रियापद शेवटी येते. 'इन्सर्ट झिजल्यामुळे बोअर लहान झाला' या वाक्यात आधी कारण येते, मग परिणाम, आणि बोलता बोलता शेवटचे क्रियापद ठरवायला आपल्याला पुरेसा अवकाश मिळतो. इंग्रजीत कर्त्याच्या पाठोपाठ क्रियापद लागते. 'आय' म्हटले की दुसऱ्याच पावलावर काय केले ते सांगावे लागते, आणि आपले मन तोपर्यंत कधी, कोठे, कशामुळे यांची मांडामांड करत असते. म्हणून आपण 'आय... आय...' असे करत राहतो आणि ऐकणाऱ्याला वाटते की आपल्याला शब्द येत नाहीत. यावर मी केलेला सराव असा. काही दिवस केवळ दोन-तीन शब्दांची वाक्ये बोलायची: 'वुई स्टॉप्ड.' 'आय चेक्ड.' 'इट ब्रोक.' मग प्रत्येकाला मागून एकेक तुकडा जोडत जायचे. 'वुई स्टॉप्ड द मशीन.' 'वुई स्टॉप्ड द मशीन ॲट टेन.' 'वुई स्टॉप्ड द मशीन ॲट टेन बिकॉज द बोअर वॉज स्मॉल.' गवंडी आधी पाया भरतो आणि मग एकेका थराने भिंत वर नेतो, तसे हे वाक्य वाढत जाते, आणि कोणत्याही थराला थांबले तरी ते पूर्णच असते. मला या एका सरावाने जेवढे दिले तेवढे इतर कशानेही दिले नाही.

याच्याच जवळची एक अडचण आहे. आपल्याकडे पुष्कळ गोष्टी आपोआप घडतात. ग्लास फुटला, चूक झाली, मला भूक लागली, मला आठवले, मला उशीर झाला. यात 'मी' कर्ता नसतो. गोष्ट माझ्याकडे येते किंवा माझ्या हातून होते. इंग्रजीत 'आय मेड अ मिस्टेक', 'आय रिमेंबर्ड', 'आय ॲम लेट' असे 'मी'ला पुढे उभे करावे लागते. आरंभी मला हे फार उद्धट वाटत असे, विशेषतः वरिष्ठांसमोर. ज्या घरांत मुलींना दर वाक्यात 'मी, मी' करू नये असे शिकवले जाते, तेथून आलेल्या मुलींना तर ते अधिकच जड जाते, असा माझ्या विभागातील मैत्रिणींशी झालेल्या बोलण्यातून माझा समज झाला आहे. ही त्या भाषेची रीत आहे, आपला तोरा नव्हे, असे मनाला पुन्हा पुन्हा सांगावे लागले.

तोंडाचा व्यायाम मी देगलूरच्या एका सहकारी मुलीसोबत केला. तिच्या घराजवळ तेलुगू बोलली जाते, म्हणजे तीही माझ्यासारखी भाषांच्या शेजारात वाढलेली. जेवणानंतर फिरायला जाताना जाण्याची वाट इंग्रजीत आणि येण्याची वाट मराठीत, असा आमचा करार होता. शब्द अडला तर मराठीत उडी मारायची नाही, इतर शब्दांनी वळसा घालायचा; हा नियम मी अप्पांच्या बोलण्यावरून केला होता. 'चाळणी' आठवली नाही तर 'पीठ स्वच्छ करायची, खूप भोके असलेली थाळी' असे इंग्रजीत सांगायचे. एकमेकींच्या चुका वाटेत दुरुस्त करायच्या नाहीत, परत आल्यावर फार तर दोन सांगायच्या. पहिले तीन आठवडे आम्ही दोघीही बहुतेक वाट गप्पच चाललो, हे खरे आहे. चौथ्या आठवड्यात तिच्या गावच्या लग्नातील एक भांडण सांगता सांगता ती येण्याच्या वाटेवरही इंग्रजीतच बोलत राहिली.

उच्चारांच्या बाबतीत आपल्याकडे जेवढे आहे तेवढे आपण वापरत नाही. 'जेवण' आणि 'जाड' यांतील 'ज' वेगळे आहेत हे मराठी माणसाची जीभ न शिकता जाणते. 'साइझ' या शब्दातील शेवटचा ध्वनी 'जाड'मधील 'ज'च्या अगदी शेजारचा आहे; जीभ दातांमागे टेकवायची नाही, नुसती जवळ न्यायची. 'व्हॉल्व्ह' आणि 'वॉशर' आपण लिहितोही वेगळे: पहिल्यात वरचे दात खालच्या ओठाला लागतात, दुसऱ्यात ओठांचा चंबू होतो. आपल्याला जड जाते ते ध्वनींपेक्षा आघाताचे. मराठीत शब्दाच्या कोणत्या भागावर जोर दिला यावरून अर्थ बदलत नाही. इंग्रजीत नाकारलेला नग म्हणजे 'रिजेक्ट', ज्यात जोर पहिल्या भागावर, आणि नाकारणे या क्रियेत तोच जोर दुसऱ्या भागावर जातो. पुढच्या एका ऑडिटमध्ये पाहुण्यांनी 'मायक्रॉमिटर' मागितला, 'क्रॉ'वर जोर देऊन. मी रोज मायक्रोमीटर वापरत होते, तो त्या वेळी माझ्या हातातच होता, आणि तरी ते काय मागत आहेत हे मला दोनदा विचारावे लागले. तेव्हापासून प्रत्येक चिठ्ठीवर जोराच्या अक्षराखाली मी तांबडी रेघ ओढते. आकाशवाणीचे इंग्रजी बातमीपत्र ऐकत, निवेदकाच्या अर्धा श्वास मागे राहून तेच शब्द पुटपुटण्याचाही मला फार उपयोग झाला, कारण त्यात विचार करायला वेळच नसतो, तोंड आपले आपण चालते.

त्या दोनदा विचारण्याविषयी थोडे लिहायला हवे. पूर्वी मी न कळलेल्या प्रश्नाला मान डोलवून 'येस' म्हणत असे, आणि मग जे विचारलेच नाही त्याचे उत्तर देत असे. 'सॉरी, कुड यू से दॅट अगेन?' हे वाक्य मी इतक्या वेळा घोटले की ते माझ्या तोंडातून श्वासासारखे येऊ लागले. बोलण्याचा धीर मला या एका वाक्याने दिला, कारण ते एकदा हाताशी आले की ऐकण्याची धास्ती उरत नाही, आणि मन उत्तराकडे लागते. धीर आधी यावा आणि मग बोलावे अशी वाट मी कितीतरी वर्षे पाहिली होती. माझ्या बाबतीत तरी तो बोलून झाल्यावर आला, आणि तोही प्रत्येक वेळी थोडाथोडा.

फोनवरचे इंग्रजी मला अजून जड जाते. समोर चेहरा नसतो, हात नसतात, गेज दाखवता येत नाही. सध्या दर गुरुवारी ग्राहकाशी फोनवर बैठक असते आणि तिच्यासाठी मी आदल्या रात्री पहिली तीन वाक्ये लिहून, फोनमध्ये स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून ऐकते. 'अ' आणि 'द' कोठे घालायचे याची खात्री मला अजूनही नसते. चुकले तर चुकले म्हणून मी पुढे जाते, कारण त्यावाचून बैठकीत कोणाचे काही अडलेले मी पाहिलेले नाही.

या संक्रांतीला गावी गेले तेव्हा चौथीत शिकणारी भाची माझ्यासोबत मोंढ्यात आली. अप्पा आता कामावर जात नाहीत, पण सकाळचा एक फेरा चुकवत नाहीत. तुरीचा हंगाम होता, पोती उघडी होती. मी तिला म्हटले, "तुला तूर माहीत नसलेल्या माणसाला इंग्रजीत सांग, हे काय आहे." ती थोडा वेळ पोत्याकडे पाहत राहिली आणि मग म्हणाली, "स्मॉल. राउंड. ब्राउन. वुई मेक वरण. वुई ईट विथ राइस." मी तिला थांबवले नाही. घरी निघताना सांगितले की तुरीला इंग्रजीत 'पिजन पी' म्हणतात.

"पिजन म्हणजे कबूतर ना आत्या? कबुतराचा कशाला?" तिने विचारले. अप्पांनी काही न बोलता समोरच्या गोदामाच्या पत्र्याकडे बोट दाखवले. तेथे वीस-पंचवीस कबुतरे बसली होती, आणि दोन खाली उतरून फाटक्या पोत्यापाशी दाणे टिपत होती.